प्रिंटर माडीवर, कामं ओसरीवर: यूएसबी प्रिंटर घरभर वापरायचा तर

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा खालच्या मजल्यावरचं विजेवर चालणारं होतं नव्हतं ते सगळं गेलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आलं. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: जे हलवायला जड आणि पाण्यात गेलं की संपलं, ते माडीवर. त्यामुळे डेस्कटॉप आणि लेझर प्रिंटर माडीवर, आणि काम करणारी माणसं खाली. सासरे, म्हणजे नाना, ओसरीवर लॅपटॉप घेऊन चार लोकांचे हिशेब लिहितात. मी स्वयंपाकघरालगतच्या खोलीत लग्नपत्रिका आणि अहवालांचं टायपिंग करते. प्रिंट लागली की पेन ड्राइव्ह मुलाच्या हातात द्यायचा आणि त्याने जिना चढायचा.

ही टपालसेवा एका पत्रिकेने बंद पाडली. माझ्या लॅपटॉपवर जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट आहेत, माडीवरच्या डेस्कटॉपवर ते नाहीत. पोरगं वरून कागद घेऊन आलं तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. प्रिंटर नेटवर्कवरून जोडला की फाईल वर जातच नाही. पान तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमच्याच फाँटमध्ये तयार होतं आणि तयार पान वर जातं. ज्यांच्याकडे जुन्या फाँटमधलं काम आहे त्यांना एवढं एक कारण पुरे.

तर आता सगळं पहिल्यापासून. विंडोजवर भर आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तेच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

यूएसबीचा प्रिंटर एका वेळी एकाच यंत्राचं ऐकतो. त्याला स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता नसतो. 'प्रिंटर शेअर केला' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ज्या कॉम्प्युटरला त्याची केबल जोडली आहे तो प्रिंटरचा कारभारी झालेला असतो. बाकीचे आपले कागद कारभाऱ्याकडे देतात आणि तो छापून घेतो. (आमच्या भागात 'कारभारी' म्हणजे नवराही. दोघांच्याही झोपेची तक्रार सारखीच आहे.) कारभारी झोपला, बाहेरगावी गेला, त्याचा पत्ता बदलला किंवा त्याने दारावर पासवर्ड मागितला की छपाई अडते. माझा अनुभव असा की शेअरिंगची पायरी पाच मिनिटांची, आणि उरलेला सगळा त्रास या चार गोष्टींचा. म्हणून हा लेखही त्यांच्याकडेच जास्त झुकलेला आहे.

सुरू करण्यापूर्वी प्रिंटरच्या पाठीमागे एकदा बघा. लॅन केबलचं चौकोनी भोक असेल, किंवा मॉडेलच्या नावाशेवटी 'डब्ल्यू' असेल, तर तुमच्या प्रिंटरला बहुधा स्वतःचं नेटवर्क आहे. मग तो सरळ राउटरला जोडा आणि पुढचं काही वाचू नका. एचपी लेझरजेट १०२० प्लस, कॅनन एलबीपी २९०० बी असले साधे यूएसबीचे गडी ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी पुढचं आहे. हे प्रिंटर वर्षानुवर्षं चालतात, टोनर कुठेही भरून मिळतो, आणि नेटवर्क नाही एवढ्यासाठी ते भंगारात काढणं मला पटत नाही.

कारभारी कोण नेमायचा

घरात डेस्कटॉप असेल तर तोच. लॅपटॉपला कारभारी केलं की तो पिशवीत घालून कोणीतरी मिरजेला जातो आणि नेमकी तेव्हाच घाईची प्रिंट लागते. जुना, बॅटरी गेलेला, कोपऱ्यात पडलेला लॅपटॉप मात्र चालेल. बॅटरी गेल्यामुळे तो तसाही घर सोडून जात नाही.

कारभाऱ्याला आधी जागं ठेवा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम', त्यात 'पॉवर', तिथे चार्जरवर असताना स्लीप कधी, या प्रश्नाला 'नेव्हर' उत्तर द्या. स्क्रीन दहा मिनिटांत बंद झाली तरी हरकत नाही, ती वेगळी गोष्ट आहे. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' हेही कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन सांगावं लागतं. आमच्याकडे पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नानांची हाक आली, "सूनबाई, तुमचा प्रिंटर रुसला." रुसला नव्हता. डेस्कटॉप जेवणानंतर झोपला होता. ही सेटिंग मीच विसरले होते.

जमलं तर कारभाऱ्याला राउटरपासून लॅन केबल टाका. जुन्या घरांच्या हातभर जाडीच्या भिंतींतून वायफाय रडतखडत पोचतं. आधीच अडखळणाऱ्या वायफायवर चाळीस पानांचा अहवाल सोडला की निम्म्यावर थांबतो. बाकीचे सगळे वायफायवर असले तरी चालतील, पण कारभारी केबलवर असावा. 'प्रिंटरचीच यूएसबी केबल लांब घेऊ का' असं पुष्कळ जण विचारतात. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे प्रिंटर दिसतो, मधेच हरवतो, परत दिसतो. लांबवायची तर लॅनची केबल लांबवा.

आणि एक पथ्य. लेझर प्रिंटरची पिन कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला लावू नका. शाई कागदावर भाजून पक्की करणारा हीटर चालू होताना एकदम काहीशे वॅट ओढतो. घरगुती यूपीएस त्या ओझ्याने किंचाळतो किंवा बसतो, आणि त्याच्यासोबत कारभारीही बंद पडतो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या बोर्डावर लावा.

सगळे एकाच जाळ्यात आहेत का

ही पायरी लोक वगळतात आणि मग दोन तास वाया घालवतात. मी घालवलेत.

आपल्याकडे फायबर घेतलं की कंपनी एक डबा भिंतीला लावून जाते. त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणून त्याला जोडतो. दोन्हींवर इंटरनेट चालतं, त्यामुळे सगळं एकच वाटतं. तसं नसतं. दुसरा राउटर आपलं वेगळं जाळं काढून बसलेला असतो. प्रिंटरचा डेस्कटॉप एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्यात असेल, तर ते एकमेकांना दिसणार नाहीत.

तपासणं सोपं आहे. दोन्ही कॉम्प्युटरवर 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', आणि चालू जोडणीचे 'प्रॉपर्टीज' उघडा. खाली 'आयपीव्ही४ ॲड्रेस', म्हणजे त्या यंत्राचा जाळ्यातला पत्ता, दिसेल. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.९ असेल तर छान. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे जुळायला हवेत. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१०२ असेल तर दोन जाळी आहेत.

उपाय दोन. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो चालू करा, काम झालं. नसेल तर त्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून पहिल्याच्या जाळ्यातला, पण इतर कोणी वापरत नसलेला, ठेवा. मग त्याचं 'डीएचसीपी' (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि पहिल्या डब्याकडून आलेली केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकातून काढून 'लॅन'च्या एखाद्या भोकात घाला. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलं तर पत्ता बदलायला त्या राउटरच्या आत शिरणंच अवघड होऊन बसतं.

पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' वायफायही असंच. ते घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं, तिथून प्रिंटर दिसणार नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही नावं मात्र वेगळी दिसली तरी एकाच राउटरची असतील तर जाळं एकच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता राउटरच्या पानावर शिरलाच आहात तर आणखी एक काम करून घ्या. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. तिथे कारभाऱ्याला एक आयपी ॲड्रेस कायमचा राखून द्या, समजा १९२.१६८.१.५०. एरवी राउटर हे पत्ते फिरवत राहतो, आणि आज चाललेली जोडणी पुढच्या आठवड्यात बंद पडते.

कारभाऱ्यावर करायची कामं

सगळ्यात आधी कारभाऱ्यावरूनच एक टेस्ट पेज काढा. तिथेच येत नसेल तर पुढची धडपड व्यर्थ आहे.

मग कॉम्प्युटरचं नाव बदला. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट', 'रिनेम धिस पीसी'. विंडोजने दिलेलं नाव अगम्य अक्षरांचं असतं, ते ओसरीवरून टाईप करताना चुकतं. इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता, पंधरा अक्षरांच्या आत नाव ठेवा. आमच्याकडे 'माडी' आहे. बदलल्यावर रीस्टार्ट करावं लागतं.

आता चालू नेटवर्कच्या त्याच 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय दिसतील. 'प्रायव्हेट' निवडा, आणि ते दोन्ही कॉम्प्युटरवर करा. 'पब्लिक' म्हणजे एसटी स्टँडवर बसल्यासारखं, विंडोज आपलं सामान पोटाशी धरून बसतं आणि कोणालाच काही दाखवत नाही.

त्यानंतर विंडोज ११ वर 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधून 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि तिथून 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'. विंडोज १० वर हेच कंट्रोल पॅनलच्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये डाव्या बाजूला मिळतं. प्रायव्हेटच्या खाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' दोन्ही चालू. खालच्या 'ऑल नेटवर्क्स'मध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' आहे, त्यावर पुढे बोलू.

प्रिंटर शेअर करणं म्हणजे एवढंच: 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', आपला प्रिंटर, 'प्रिंटर प्रॉपर्टीज', 'शेअरिंग' टॅब, 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण. 'शेअर नेम'मध्ये छोटं, बिनस्पेसचं इंग्रजी नाव द्या. खाली 'रेंडर प्रिंट जॉब्ज ऑन क्लायंट कॉम्प्युटर्स' ही खूण असू द्या. माझ्या पत्रिकांचे फाँट ज्यामुळे वाचतात ती हीच.

पासवर्डचं प्रकरण

बहुतेक जण इथेच अडतात आणि चिडून 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून टाकतात. मी तसं करायला सांगणार नाही. नव्या विंडोजमध्ये बिनपासवर्डाच्या पाहुण्याला आत घेणं दिवसेंदिवस कठीण केलेलं आहे, त्यामुळे ती युक्ती आज चालली तरी एखाद्या अपडेटनंतर बंद पडते.

गोंधळ कशाचा होतो ते बघा. आपण रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कारभाऱ्याकडे गेलो की तो नाव आणि पासवर्ड मागतो, आणि आपण पिन टाकतो. ती चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरतीच असते, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड कित्येकांना आठवतही नाही, आणि तो घरात सगळ्यांना सांगत फिरणं बरोबरही नाही.

म्हणून कारभाऱ्यावर छपाईपुरतं एक वेगळं स्थानिक खातं काढा. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'अदर युजर्स', 'ॲड अकाउंट'. ईमेल मागेल, तिथे 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाची ओळ दाबा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर घालण्याचा पर्याय घ्या. नाव 'छपाई' इंग्रजी अक्षरांत, आणि एक बऱ्यापैकी पासवर्ड. हे खातं 'स्टँडर्ड'च राहू द्या, ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. या खात्याने कोणी कारभाऱ्यावर कधी बसायचंच नाही, ते दारावरच्या किल्लीसारखं आहे.

आता नानांच्या लॅपटॉपवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा, स्टार्टमध्ये नाव टाईप केलं की येतं. 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये नवीन नोंद घाला. पत्त्यात कारभाऱ्याचं नाव, युजरच्या जागी कारभाऱ्याचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग छपाईचं खातं, आणि शेवटी पासवर्ड. आयपी ॲड्रेसने जोडणार असाल तर पत्त्यात तोच लिहा. एकदा ही नोंद झाली की लॅपटॉप पुन्हा पासवर्ड विचारत बसत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वात उपयोगी दोन मिनिटं हीच.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर

आधी त्या प्रिंटरचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर टाकून ठेवा, तोही प्रिंटरच्या कंपनीच्या साईटवरूनच. ऑगस्ट २०२१ पासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर नेटवर्कवरून उतरवायला विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागतं. ड्रायव्हर आधीच असेल तर पुढचं सुरळीत होतं.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोट्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागून कारभाऱ्याचं नाव टाईप करून एंटर. ही रेघ म्हणजे एंटरच्या वरच्या बटणावरची, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची नव्हे. नानांनी प्रश्नचिन्हाखालची दाबली आणि "तुमची माडी सापडत नाही म्हणतंय" असं खालून ओरडून सांगितलं. बरोबर रेघ दिली की खिडकीत प्रिंटरचं चित्र येतं. त्यावर राइट क्लिक, 'कनेक्ट'. थोडं थांबा, आणि टेस्ट पेज काढा.

नावाने सापडला नाही तर नावाच्या जागी राखून ठेवलेला आयपी ॲड्रेस टाका, आकडे अर्थात इंग्रजी. आयपीने उघडतोय आणि नावाने नाही, तर बाकी सगळं ठीक आहे असं समजा आणि आयपीवरच पुढे जा. नाव का सापडत नाही याच्या मागे लागून वेळ घालवू नका.

जोडल्याबरोबर 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये कागद 'ए४' करा. प्रत्येक कॉम्प्युटरची ही निवड वेगळी असते. ती 'लेटर'वर राहिली की कित्येक प्रिंटर दिवा लुकलुकवत उभे राहतात, कारण ते त्या मापाच्या कागदाची वाट बघत असतात. माडीवर कोणी नसेल तर खालच्याला वाटतं शेअरिंग बिघडलं.

अडलं तर

जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर आला तर त्याचा इतिहास थोडा सांगते, म्हणजे उपाय समजेल. २०२१ च्या जून-जुलैत विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत 'प्रिंटनाईटमेअर' नावाने गाजलेली मोठी त्रुटी उघड झाली. तिच्या मागोमाग मायक्रोसॉफ्टने ही यंत्रणा बरीच आवळली, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून कारभारी आणि त्याला जोडणारा कॉम्प्युटर यांच्यातला संवाद अधिक सुरक्षित असल्याखेरीज जोडणीच नाही, असं झालं. एक बाजू अद्ययावत आणि दुसरी जुनी असली की हा एरर येतो. म्हणून पहिला उपाय: दोन्हींवर सगळी अपडेट्स टाकून रीस्टार्ट. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) एक आकडा शून्य करून ही सुरक्षाच बंद करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. चालतो तो, पण जे छिद्र बुजवलं तेच पुन्हा उघडण्यासारखं आहे. मी घरच्या यंत्रावर केलेलं नाही.

त्याऐवजी हा आडवळणाचा रस्ता पुष्कळदा काम करतो. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये 'ॲड डिव्हाइस', मग हाताने जोडण्याचा पर्याय, त्यात 'लोकल प्रिंटर'. पोर्ट विचारेल तेव्हा 'क्रिएट अ न्यू पोर्ट', प्रकार 'लोकल पोर्ट'. पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या रेघा, कारभाऱ्याचं नाव, एक उलटी रेघ, प्रिंटरचं शेअर नेम. मग यादीतून आधीच टाकलेला ड्रायव्हर निवडा. यात लॅपटॉपला वाटतं प्रिंटर आपलाच आहे, आणि ड्रायव्हरची देवाणघेवाण होतच नाही.

एखादं काम अडकलं आणि 'डिलीटिंग' म्हणत तिथेच बसलं, तर कारभाऱ्यावर 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा. विंडोजच्या फोल्डरात 'सिस्टिम३२', त्यात 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स' आहे. त्याच्या आतल्या फाईली पुसा (फोल्डर नव्हे) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. घरातल्या सगळ्यांची थांबलेली कामं यात जातात, तेव्हा आधी हाक मारून विचारा.

थ्री इन वन यंत्र असेल तर लक्षात ठेवा, विंडोजच्या या शेअरिंगमधून छपाईच मिळते. स्कॅनिंगसाठी जिना चढावाच लागतो.

बाजारात 'प्रिंट सर्व्हर' नावाचा छोटा डबा मिळतो. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला लॅन. कारभारी कॉम्प्युटरच नको, असं त्यामागचं गणित. मीही एक आणला होता आणि परत केला. दोष डब्याचा नव्हता, मी आधी चौकशी केली नव्हती. स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये स्वतःची अक्कल कमीच असते, पान रचण्याचं सगळं काम कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर करतो. एचपी १०२० ला तर दर वेळी चालू झाल्यावर त्याचं फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) कॉम्प्युटरकडून भरून घ्यावं लागतं. कॅनन २९०० आपल्या ड्रायव्हरशी सतत दुतर्फा बोलत असतो. नुसता पुढे डेटा ढकलणारा डबा इथे कमी पडतो. राउटरच्या पाठच्या यूएसबी भोकाचंही तेच. ते बऱ्याचदा पेन ड्राइव्हपुरतंच असतं.

मोबाइलवरून

विंडोजने शेअर केलेला प्रिंटर अँड्रॉइड किंवा आयफोनला आपोआप दिसत नाही. त्यांची भाषा वेगळी. पूर्वी गूगल क्लाउड प्रिंट मधला दुवा होता, तो ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. महिन्यातून चार वेळा लागत असेल तर सरळ उपाय: कारभाऱ्यावर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवा, स्वतःच्याच नंबरवर पीडीएफ पाठवा, आणि वर जाऊन छापा. सातबारा नाहीतर शाळेचा प्रोजेक्ट, आमच्याकडे असंच होतं.

रोज लागत असेल तर जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा टाकून त्याला कारभारी करा. लिनक्स मिंट पुरेल. त्यातली 'कप्स' ही छपाईची यंत्रणा फोनच्या भाषेत बोलते. आपला युजर 'एलपीॲडमिन' गटात घाला, ब्राउझरमध्ये इंग्रजीत 'लोकलहोस्ट', विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह आणि ६३१ असा पत्ता टाकून तिचं पान उघडा, 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये जोडलेले प्रिंटर शेअर करण्याच्या ओळीवर खूण करा, आणि प्रिंटर घालताना पुन्हा एकदा शेअरवर खूण करा. 'अवाही' ही, प्रिंटरची ओळख जाळ्यात जाहीर करणारी, सेवा चालू असेल तर अँड्रॉइडच्या आणि आयफोनच्या प्रिंटच्या यादीत तो आपसूक येतो, आणि विंडोजवरूनही जोडता येतो. लिनक्सवर १०२० ला एचपीच्या 'एचपीलिप' या ड्रायव्हरसोबत त्यांचं एक प्लगइन टाकावं लागतं. २९०० साठी कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरपुरता आहे. त्यामुळे तो प्रिंटर असेल तर रास्पबेरी पाय (वेगळ्या प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) विकत आणू नका, जुना लॅपटॉपच घ्या.

वीज जाऊन आल्यावर

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि आल्यावर डेस्कटॉप बंदच राहतो. बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'आफ्टर पॉवर फेल्युअर' अशा नावाची सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' करा. वीज आली की कारभारी आपला आपण उठतो. लॉग इन करायचीही गरज नाही. पासवर्डच्या पडद्यावर उभा असतानाही तो प्रिंट घेतो, लॅन केबलवर असेल तर हमखास. नाना आता ओसरीवरून प्रिंट सोडतात आणि वर प्रिंटर घरघरला की मुलाला हाक मारतात. कागद खाली आणायचं काम अजून त्याच्याकडेच आहे.